दारातला ताप

थर्मामीटर बिचारं खोटं बोलत नाही. पाळणाघराच्या दारात रोज सकाळी त्याला खोटं बोलायला लावतात.

"बघा, ताप नाही," आई म्हणाली. एक पाय पायरीवर, दुसरा ऑफिसच्या वाटेला लागलेला.

मावशीनं आकड्याकडे पाहिलंच नाही. दीड वर्षाच्या ठकीचं तोंड हुंगलं. "तापाचं औषध कुठं पाजलंस? रिक्षात?"

"मावशी, नुसती सर्दी आहे हो."

"सर्दी गेल्या सोमवारी होती. तेव्हा सगळ्याच पोरांची नाकं वाहत होती. हिचं काहीतरी वेगळंच चाललंय. औषधाचा जोर साडेअकराला उतरेल, पोर फणफणेल, आणि तू मीटिंगमध्ये असशील. तेवीस वर्षं उभी आहे मी इथं. माझ्या दारात खोटं चालत नाही."

"मग काय करू? नोकरी सोडू?" आईचा आवाज चढला. "हिच्यापायी तीन रजा झाल्या या महिन्यात. साहेब म्हणाले, चौथी मागायला याल तेव्हा राजीनामा घेऊनच या."

"साहेबाला पोरंबाळं नाहीत?"

"दोन आहेत."

"ती आजारी पडली की घरी कोण थांबतं, विचार की त्याला."

मावशीनं पिशवीतून दुधाची बाटली काढली, आईला बाकावर बसवलं. "पाज."

"पीतच नाही. कालपासून नखरे चाललेत."

"पाज म्हणते ना."

ठकी भुकेली होती. तिनं अधाशासारखे दोन घोट ओढले, किंचाळली, बाटली भिरकावली आणि डावा कान मुठीत धरून आईच्या छातीवर डोकं आपटू लागली.

"हे बघ नखरे," मावशी म्हणाली. "गिळलं की कानात कळ जाते. कान ठणकतोय तिचा. एवढंसं पोर तोंडानं सांगेल? बाटली फेकूनच सांगणार. आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठ."

फरशीवर दूध सांडत होतं. आई त्याकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढला.

"हॅलो, सर... आज येणं जमणार नाही. नाही नाही, मुलगी ठणठणीत आहे. मलाच ताप आलाय."

ठकीनं पुन्हा भोकाड पसरलं. मावशीनं तिला झटकन खांद्यावर घेतलं, आत गेली आणि पायानं दार लावून घेतलं.