ठसा शेवटी

बाबांचा अंगठा थेट बत्तीवरच्या ठशावर गेला आणि ती दारातच थबकली.

गॅसबत्ती हातात घेतली की तळापासून वर चाचपत जायचं, ही या घरची रीत. आधी टाकीचं बूड, मग पंप, मग काचेखालचं कडं, मग छत्री. कारखान्याचा ठसा सगळ्यात शेवटी. ठसा हा फितूर साक्षीदार असतो, असं बाबा म्हणायचे. तो स्वतः खरा असतो, म्हणून तर माणूस फसतो. त्याच्याभोवती एकाचा बर्नर, दुसऱ्याची छत्री, तिसऱ्याचा पंप असा संसार जुळवून देणारे हात बाजारात पुष्कळ. लहानपणी तिने एकदा ठसा आधी वाचला, तेव्हा बाबांनी बत्ती तिच्या हातातून काढून घेतली होती.

समोर बाबांना काका म्हणणारे दातांचे डॉक्टर बसले होते. त्यांना जुन्या बत्त्यांचा नाद होता, आणि आज ते न कळवताच आले होते. गेले कित्येक आठवडे ती अशा नादिष्टांना दारातूनच परतवत आली होती. बाबा झोपलेत. बाबांना सर्दी झालीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि खाली येऊन बघते तो डॉक्टर आत बसलेले, बत्ती बाबांच्या मांडीवर.

डॉक्टर खुशीत होते. ही बत्ती प्रदर्शनात मधोमध ठेवायची, शेजारी काका सांगतील ते लिहायचं, मग कुणाची वर मान करून बोलायची टाप नाही, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी बाबा वाक्यं प्रमाणम्, म्हणून ते स्वतःच हसले. बाबाही हसले. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"पहिल्या घडणीची," बाबा म्हणाले. "स्पिरिटच्या वाटीची."

पहिल्या घडणीच्या बत्तीत बर्नरखाली एक इवलीशी वाटी असे. तीत स्पिरिट पेटवून बर्नर तापवायचा. पुढे वाटी गेली आणि टाकीतूनच वर येणारी, फुरफुरत ज्योत सोडणारी नळी आली. बाकी दोघी सख्ख्या बहिणी. पहिली क्वचितच बघायला मिळते, म्हणून दुसरीला पहिली करून विकतात.

या बत्तीला वाटी होती. पण पंपाच्या पलीकडे, टाकीच्या खांद्यावर, नखाएवढ्या गोलात निकेल जरा जास्तच चकचकत होतं. नळी काढून भोक बुजवलं होतं. त्याच्या बरोबर वर, काचेखालच्या कड्याला अर्धचंद्रासारखी खाच होती. ती नळीला वाट द्यायला कापतात. वाटीच्या बत्तीला खाचेचं काय काम? हे तिला दारातून दिसत होतं, आणि बाबांच्या बोटांखाली असून त्यांना लागत नव्हतं.

गप्प बसावं, तर प्रदर्शनात जाणती माणसं येणार, खाच बघणार आणि बाबांच्या शब्दाला हसणार. बोलावं, तर डॉक्टर इथेच, आत्ता ओळखणार की काकांचं काहीतरी बिघडलंय. शिवाय समोर बाबा. त्यांचं चुकलं असं त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत चाळिशी उलटली तरी तिला झाली नव्हती. त्यांनी तिला सगळं शिकवलं. 'बरोबर' एवढं मात्र कधी म्हटलं नाही. तिचं उत्तर बरोबर आलं की ते मुकाट्याने पुढची बत्ती समोर ठेवत.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या घडणीची आहे. नळी काढून वाटी बसवलीय."

मग ती पुढे झाली, बाबांचं बोट धरलं आणि खाचेत ठेवलं. बोट गार होतं. डॉक्टर वाकून बघत राहिले. म्हणजे कवळीच बसवली म्हणायची, असं ते खिन्नपणे म्हणाले. कुणी हसलं नाही.

बाबांचं बोट खाचेत थांबलं. खाली उतरलं, त्या चकचकीत गोलावरून फिरलं, पुन्हा वर गेलं. कपाळावर आठी चढली. ती आठी तिला पाठ होती. आता ते बत्ती बाजूला ठेवतील, उठून आतल्या खोलीत जातील आणि दिवसभर बोलणार नाहीत.

"बरोबर," बाबा म्हणाले.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण आठी खरंच विरली होती. डॉक्टर पेन खिशात ठेवत म्हणाले, काकांनी आज दोघांचीही परीक्षा घेतली. म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. ती बाबांच्या शेजारी, बाकाच्या कडेवर टेकली.

बाबा तिला नीट बसता यावं म्हणून अदबीने सरकले. तिच्याकडे वळून थोडे पुढे झुकले, आणि डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "बाई, तुमची नजर फार चांगली आहे. माझी एक मुलगी आहे, माझ्याहून हुशार. शेफारेल म्हणून तिला कधी बोललो नाही. तिला तुमच्या हाताखाली घ्याल का?"