कोपऱ्यातलं हवामान

लेकीने परदेशी जाताना आईच्या टीव्हीत व्हीपीएन बसवून दिलं होतं, तिकडची मालिका दोघींना एकदम बघता यावी म्हणून. मालिका कधीच संपली. पण व्हीपीएनमुळे टीव्ही अजून स्वतःला लेकीच्या शहरातला समजून कोपऱ्यात तिथलं हवामान दाखवत होता. आई रोज तेवढंच बघायची. आज फोनवर लेक म्हणाली, “आई, टीव्ही अडकतोय म्हणतेस, तर व्हीपीएन बंद कर की.” “अगं, अडकेना का! मला कुठे गाडी गाठायचीये? तू आपली मफलर गुंडाळून बाहेर पड. बर्फ पडतोय तुझ्याकडे.” “बर्फ? इथे कडक ऊन आहे.” “टीव्ही खोटं बोलतो होय?” लेक घुटमळली. “आई, ते शहर सोडलं मी. उन्हाळ्यातच. सांगायचं राहूनच गेलं गं.” आईने रिमोट उचलला, व्हीपीएन बंद केलं. “बरं केलंस,” ती म्हणाली. “फार गारठा होता तिथे.”