वाळवायला नेलेलं पुस्तक

वसईतल्या आमच्या वाचनालयात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा ग्रंथपाल विनयाताईंनी भिजलेली पुस्तकं लोकांना घरी वाळवायला दिली. आठवड्याने जवळच्या पापडी गावचे शत्रुघ्नकाका एक पुस्तक घेऊन आले. त्यांना मी इथे कधीच पाहिलं नव्हतं.

"वाळलं एकदाचं," ते खाली बघत म्हणाले.

भिजलेला कागद वाळला तरी फुगलेलाच राहतो. यातलं एकही पान फुगलं नव्हतं. मागच्या चिठ्ठीवर परतीची तारीख होती १९९४ची. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी पुस्तक मिटलं.

"छान वाळवलंत हो, काका!"

काका घुटमळले. कपाटांकडे बघत हळूच म्हणाले, "दुसरं नेलं तर चालेल?"

"न्या की. फक्त ते कोरडंच असेल, तेव्हा जरा लवकर आणा."