अख्खं स्टेडियम

‘महायुरोप बेसबॉल लीग’च्या समारोपाला अध्यक्ष युर्गेन माइकसमोर उभा राहिला आणि ऐटीत हंगामाचा आढावा घेऊ लागला. निम्मे संघ फुटबॉल बघत घरीच बसले होते, एवढी बाब त्यानं शिताफीनं गाळली.

“आणि तो अंतिम सामना!” त्याचा आवाज चढला. “शेवटचा चेंडू कुंपणापार गेला, तेव्हा अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं!”

दोन्ही संघांच्या खेळाडूंनी टाळ्यांचा कडकडाट केला. युर्गेननं पहिल्या रांगेतल्या बायकोकडे पाहिलं. निदान आज तरी हिला आपली किंमत कळेल, असं त्याला वाटलं.

“बघायला मी एकटीच होते, युर्गेन,” गळ्याभोवती मफलर गुंडाळत ती म्हणाली. “आणि उठले ती घरी जायला.”