कमरेएवढं पाणी

"इथवर," आईने भिंतीला हात लावून दाखवलं. "माझ्या कमरेएवढं पाणी होतं."

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने चष्मा वर सारला. बाहेरच्या खोलीच्या चारही भिंतींवरून एक तपकिरी रेघ फिरली होती. कपाटामागे डोकावून पाहिलं, तिथेही होती. त्याने टेप काढली, जमिनीपासून रेघेपर्यंत माप घेतलं.

मुलाने कपाळावर हात मारला. "आई, त्यांनी अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं!"

"विचारायची वाट कशाला बघायची? घरात पूर आला होता, तर आला होता म्हणायचं."

नवऱ्याने जाण्याआधी मोठा शहाणपणा करून घर मुलाच्या नावावर केलं होतं. त्यामुळे ते विकायचं की नाही, हे तिला कुणी विचारलंच नाही. तिच्याकडे उरली होती फक्त जीभ, आणि ती काही वयाबरोबर बोथट झालेली नव्हती. आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही तिने आधी रेघ दाखवली आणि मग चहा दिला. चहा कुणीच संपवला नाही.

म्हणून मुलाने ही युक्ती काढली होती. पुराचा विमा हातात असला की पुढचं गिऱ्हाईक बिचकणार नाही.

"तसा घराचा विमा आहे आमचा," तो म्हणाला. "बाबांपासून चालू आहे."

"त्यात आग आहे, चोरी आहे. छतातून गळलेलं पाणीसुद्धा आहे," सर्व्हेअर म्हणाला. "पण बाहेरून जमिनीवरून आत शिरलेलं पाणी नाही. त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. बहुतेक लोकांना हे घरात पाणी आल्यावरच कळतं."

"आम्हालाही तेव्हाच कळलं," आई म्हणाली. "कंपनीने सरळ हात वर केले."

"आणि समजा, आधी पूर आला होता हे सांगितलंच नाही, तर?" मुलाने चाचरत विचारलं.

"तर विमा मिळेलही. पण उद्या खरंच पाणी आलं आणि लपवाछपवी उघड झाली, तर दावा फेटाळला जाईल. घर घेणारा बिचारा दोन्हीकडून बुडेल."

"ऐकलंस?" आईचा आवाज चढला. "दुसऱ्याच्या लेकराबाळांना बुडवायचं पाप मी करणार नाही. येईल त्याला सांगणार. दारात उभी राहून सांगणार!"

"पण गेल्या वर्षी आलो तेव्हा मला ही रेघ दिसली कशी नाही?" मुलाने विचारलं.

"तेव्हा नुकताच रंग दिला होता. ओल कधी रंगाला ऐकते का? आणि पूर आला तेव्हा तू परदेशात. तुझ्या जिवाला घोर कशाला लावायचा?"

मुलाने खिडकीतून शेजारच्या घरांकडे पाहिलं. शेजारी विचारावं तर जुनं कुणी उरलं नव्हतं. सगळे घरं विकून केव्हाच गेले होते.

"स्वयंपाकघर बघतो," सर्व्हेअर म्हणाला.

"जपून हं. दोन पायऱ्या उतरायच्या आहेत. नवा माणूस हमखास धडपडतो."

तो जपून उतरला. आत ओटा लख्ख होता. खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्या हातांवरचं पॉलिश वापरून वापरून गेलेलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक बरणी उकळून उरलेल्या चहापत्तीने भरलेली होती.

"कुंड्यांना घालते," आई म्हणाली आणि भिंतीपाशी गेली. "ही बघा. इथंही कमरेएवढंच."

सर्व्हेअरने पुन्हा टेप लावली. बाहेरच्या खोलीत आला होता तोच आकडा आला. तो जरा वेळ टेपकडे बघत राहिला, मग त्याने ती गुंडाळून खिशात टाकली.

"घर विकल्यावर तुम्ही कुठे राहणार, मावशी?"

आई ओट्यावरून फडकं फिरवू लागली.

"सोय केली आहे," मुलगा घाईने म्हणाला. "फार छान जागा आहे. डॉक्टर असतात, जेवणखाण वेळच्या वेळी. सगळी तिच्यासारखीच माणसं."

"तुमच्याकडे नाही?"

"आमची जागा लहान पडते हो."

"माझ्यासारखी माणसं मला नकोत," आई म्हणाली. "मला हा ओटा हवा. ही खिडकी हवी. मरायचं तेव्हा या खुर्चीत बसून मरेन. कुणाच्या सोयीने मरणार नाही!"

ती घाबरली होती. पण कमरेवरचा हात तिने काढला नाही आणि नजरही खाली घातली नाही.

सर्व्हेअरने घसा साफ केला. "हे बघा," तो मुलाला म्हणाला, "अशी रेघ असलेल्या घराला आमची कंपनी पुराचा विमा देत नाही. दुसरीकडे प्रयत्न करून बघा, पण त्यांचा माणूसही आधी भिंतीच बघेल."

"झालं समाधान?" मुलगा आईवर खेकसला.

"झालं," आई म्हणाली.

तो पाय आपटत मागच्या अंगणात गेला आणि दलालाला फोन लावून तावातावाने बोलू लागला.

आई सर्व्हेअरला सोडायला दारापर्यंत आली. तिला हायसं वाटत होतं. ते लपवायचंही तिच्या लक्षात आलं नाही. "चहा घेऊन गेला असतात," ती म्हणाली.

"नको, पुन्हा कधीतरी." त्याने वाकून बूट चढवले. मुलाचा आवाज अजून अंगणातूनच येतोय, याची खात्री करून घेतली.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "पुराचं पाणी सगळ्या घरात एकाच पातळीला असतं. स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली आहे, तेव्हा पुढचा माणूस यायच्या आत तिथली रेघ पुसा आणि दोन पायऱ्यांएवढी वर काढा."