एका हाताने वाचायची पुस्तकं

आर्विड कोस्कीने किराण्याची कागदी पिशवी लोरेटाच्या मांडीवर ठेवली, शेजारच्या आपल्या खुर्चीत बसला आणि बाही वर केली.

पिशवीत पुस्तकं होती. म्हणजे पुस्तकांचे तुकडे. डायलिसिस चालू असताना सुया टोचलेला हात हलवायचा नसतो, आणि आठशे पानांची फँटसी एका हाताने धरता येत नाही. म्हणून आर्विड जाड कादंबरीचे सुरीने तीन भाग करायचा, प्रत्येकाला काळ्या चिकटपट्टीची पाठ लावायचा आणि दर बुधवारी लोरेटाला एक भाग आणून द्यायचा. एकच. "पुढचा मागायचा नाही," असा दम देऊन.

आज पिशवीत बारा भाग होते.

"सेल लागलाय का आज?" लोरेटा म्हणाली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिला हळू बोलता यायचंच नाही. "अजून तिसरा खंडही संपला नाही माझा. ती राणी मरते का, तेवढं तरी सांग."

"सांगणार नाही."

नर्स ग्लेन आर्विडच्या हातात सुया बसवत होता. एरवी त्याची बडबड संपायची नाही. आज तो गप्प होता. नळीतून रक्त यंत्राकडे निघालं तसा तो आर्विडच्या खांद्यावर हात ठेवून जरा थांबला, आणि निघून गेला.

लोरेटाने ते पाहिलं.

"आर्विड, काय झालंय?"

"शुक्रवारपासून मी येत नाही."

"घरी मशीन मिळालं?"

"नाही. डायलिसिसच बंद करतोय. डॉक्टरांशी बोललो, मुलीशीही बोललो. नऊ वर्षं झाली, लोरेटा. पुरे आता."

दोन्ही यंत्रं घरघरत होती.

"किती दिवस जगशील मग?" तिने विचारलं.

"आठ-दहा. कुणाकुणाचे पंधराही निघतात म्हणे."

लोरेटाने पिशवी मांडीवरून खाली ढकलली. काळ्या पाठीचे दोन भाग फरशीवर घसरले.

"लबाड म्हातारा आहेस तू," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात मी याच खुर्चीत रडत होते. मला नाही जमायचं हे, सोडून देते, म्हणाले होते. तेव्हा तू काय म्हणालास? म्हणालास, ड्रायव्हरबाई, एक मालिका आहे. पाचव्या खंडात खरी मजा सुरू होते. तिथवर वाच, मग काय ते ठरव."

"म्हणालो होतो."

"मला ड्रॅगन आवडत नाहीत म्हटलं, तरी."

"अंतराळयानांच्या छान पातळ कादंबऱ्या होत्या माझ्याकडे," आर्विड म्हणाला. "आठवड्यात संपल्या असत्या. म्हणून सात खंडांची दिली."

लोरेटाने मोकळ्या हाताने नाक पुसलं.

"आणि तुला कुणी काय दिलं?"

"मला कोण देणार? इथे सगळ्यांना मीच सांगतो काय वाचायचं ते."

ते खरंच होतं. ग्लेन त्याच्यामुळेच वाचायला लागला होता, आणि फरशी पुसणारी बाईसुद्धा.

"मग आज मी सांगते," लोरेटा म्हणाली. "एक कादंबरी आहे, माझ्या नातीला फार आवडली म्हणे. एक यान निघालंय, पोचायला तीनशे वर्षं लागणार आहेत. विटेएवढी जाड आहे."

"तू वाचलीस?"

"नाही."

"स्वतः न वाचता दुसऱ्याला सुचवतेस? इतके दिवस हेच शिकलीस माझ्याकडून?"

"तूच वाच आणि मला सांग कशी आहे ते," ती म्हणाली, आणि तोंड पलीकडे फिरवलं.

पुढचे तीन तास ती राणीचा भाग उघडून बसली. पान एकदाही उलटलं नाही. आर्विडने डोळे मिटले होते, पण तो झोपला नव्हता.

त्याची वेळ आधी संपली. ग्लेनने सुया काढल्या आणि जखमेवर कापसाची घडी ठेवली. आर्विडने ती बोटांनी दाबून धरली. रक्त थांबायला दहा मिनिटं लागतात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्याने ती पुरी दहा मिनिटं मोजली. मग कोट चढवला, बुटांच्या नाड्या बांधल्या, खाली पडलेले दोन भाग उचलून पिशवीत ठेवले आणि लोरेटाच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला.

"नाव काय त्या कादंबरीचं?"

तिने सांगितलं.

"लायब्ररीत असेल?"

लोरेटाने मोकळ्या हाताने फोन लावला. "कार्डाचा नंबर विचारतायत."

आर्विडने चौदा आकडे न अडखळता सांगितले. तिने ते एकेक करून फोनवर म्हटले. पलीकडचं ऐकून घेतलं. मग फोन छातीशी धरला.

"सगळ्या प्रती बाहेर आहेत. रांग आहे. अकरा जण आहेत तुझ्यापुढे. महिने लागतील म्हणे."

आर्विडने लोकरीची टोपी कानांवर ओढली.

"चालेल," तो म्हणाला. "लाव नाव."