चुन्याची रेघ

रॉकेलच्या बोळ्याने हिरावती भिंतीवरची कमरेएवढ्या उंचीची लाल रेघ खसाखसा पुसत होती. मागे रस्त्यासाठी अशाच रेघा मारल्या होत्या, आणि खाडीकाठची निम्मी घरं गेली होती.

"मावशी, घर नाही घेत कोणी," ती रेघ मारणारी संशोधन संस्थेतली मुलगी म्हणाली. "पुढे मोठ्या उधाणाचं पाणी इथवर येऊ शकतं, तेवढंच सांगायचंय."

"मागचेही असंच गोड बोलत होते."

मुलगी रंगाचा डबा उचलून निघाली. दारात तिची नजर माळ्यावर गेली. "तांदळाची पोती वर का ठेवलीत?"

हिरावतीचा हात थांबला. गेल्या पावसाळ्यात उधाणाने भिजलेला तांदूळ तिने गुपचूप खाडीत ओतला होता. पाणी घरात येतं म्हटलं तर घर सोडायला लावतील, ही भीती.

"लाल नको," ती म्हणाली. "लाल रेघ घरं पाडणाऱ्यांची." तिने चुन्यात कुंचला बुडवला आणि त्याच जागी स्वतः पांढरी रेघ ओढली.

संध्याकाळी शेजारीण आली. रेघेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही रेघ ठेवायला तुला काय द्यायचं कबूल केलंय गं त्यांनी?"